नाकताईंचं 'चालेल'

नाकताईंना खऱ्या नावाने हाक मारणारं वस्तीवर कुणी उरलं नव्हतं. नवरा तशी हाक मारायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून आई म्हणत, आणि बाकी झाडून सगळे, मग ते म्हातारे असोत नाहीतर रांगणारी पोरं, नाकताई म्हणत. नाक दिसायला काही खास नव्हतं. थोडं बसकं, थंडीत लाल होणारं. पण वस्तीवरच्या शंभरेक पोटांत काय जायचं आणि काय नाही, हे ते नाक ठरवत असे. एवढा अधिकार भल्याभल्या पुढाऱ्यांना मिळत नाही.

वस्ती म्हणजे शहरातल्या नोकऱ्यांना आणि धुराला कंटाळून आलेल्या माणसांनी टेकडीच्या उतारावर मांडलेला संसार. धान्य आपलं, भाजी आपली, दिवे आणि पंप उन्हाच्या विजेवर. गोठ्यातलं शेण आणि उरलंसुरलं खरकटं एका मोठ्या बांधीव टाकीत जायचं, आणि त्या टाकीतून नळीने गॅस यायचा तो सगळ्यांच्या एकाच स्वयंपाकघरात. फ्रीज नव्हता. त्याऐवजी तळघर होतं. नाकताईंचा नवरा गवंडी होता. त्याने स्वतःच्या हाताने ते खणलं, दगड लावले, हवा खेळायला दोन झरोके ठेवले. खाली उतरलं की ऐन उन्हाळ्यातही अंगावर काटा यायचा. वाळूत पुरलेली गाजरं, खारवलेल्या कोबीच्या बरण्या, चीजचे गोळे, तेलात बुडवलेल्या मिरच्या, झाकलेली पातेली, सगळं तिथे.

आणि त्यातल्या एकाही वस्तूवर तारीख नव्हती. हे विसरून नव्हे, ठरवून. वस्तीची पहिली सभा भरली तेव्हा त्यात दुकानांमधून कामं केलेली माणसं होती. छापलेली तारीख उलटली म्हणून चांगलं अन्न गाड्या भरभरून फेकताना त्यांनी पाहिलं होतं. तेव्हा एकमताने ठरलं की आपल्याकडे अन्नावर तारीख लिहायची नाही, अन्न कसं आहे ते अन्नालाच विचारायचं. ठराव ऐकायला फारच छान होता. फक्त अन्न सगळ्यांशी सारखंच बोलत नाही, एवढा भाग त्यात राहून गेला होता. पहिल्याच वर्षी दोनदा सगळ्यांची पोटं बिघडली. तेव्हा लक्षात आलं की दोन्ही वेळेला गवंड्याच्या बायकोने ताट बाजूला सारलं होतं.

झालं, त्या दिवसापासून तळघराच्या किल्लीसकट सगळा कारभार तिच्याकडे आला. पद्धत ठरलेली. झाकण काढायचं, डोळे मिटायचे, दोनदा हुंगायचं. मग तीनपैकी एक निकाल. 'चालेल'. 'आजच संपवा'. 'टाकीत'. यावर अपील नाही.

असं सगळं नाकासमोर चाललेलं असताना नाकताईंना ताप आला.

ताप साधाच होता. चार दिवस अंथरूण, मग काढे, मग अशक्तपणा. उठल्यावर पहिल्या दिवशी त्या तळघरात उतरल्या, कोबीची बरणी उघडली आणि सवयीने डोळे मिटले. काहीच आलं नाही. सर्दी असेल म्हणून त्यांनी दुसरी बरणी उघडली. तिसरी उघडली. मग एक कांदा हातानेच फोडून नाकाला लावला. डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही. त्या पायरीवर बसल्या. खोलीवर परत गेल्यावर त्यांनी ट्रंकेतून नवऱ्याचा कामाचा कोट काढून तोंडावर धरला. त्या कोटाला चुन्याचा आणि तंबाखूचा वास होता, तो दर थोड्या दिवसांनी घेतल्याशिवाय त्यांना राहवत नसे. कापड नाकाला खरखरलं, एवढंच.

सांगून टाकायला काय हरकत होती, असं तुम्ही म्हणाल. नाकताईंनीही स्वतःला तेच विचारलं, आणि उत्तरही त्यांना ठाऊक होतं. दरवर्षी सभेत कुणीतरी फ्रीजचा विषय काढायचं. उन्हाच्या विजेवर चालणारा मिळतो, बघू या का? दरवर्षी नाकताई उठून म्हणायच्या, "माझं नाक आहे तोवर फ्रीज नको." लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे, विषय संपायचा. आता नाक गेलं म्हटलं की फ्रीज येणार. फ्रीज आला की गवंड्याचं तळघर म्हणजे अडगळ. आणि नाकाशिवायची नाकताई म्हणजे कोण? गुडघे दुखतात, शेतात वाकता येत नाही, विणायला गेलं तर टाके सुटतात. हाकलून कुणी देणार नव्हतं, तशी ती माणसं नव्हती. पण कुणाच्या तरी दयेवर जगणं त्यांना नको होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणत त्यांनी मूठ झाकूनच ठेवली.

झाकलेली मूठ फार दुखते, हे त्यांना लवकरच कळलं.

पहिली युक्ती त्यांनी आचाऱ्यावर केली. आचारी म्हणजे पूर्वी बोटीवर स्वयंपाक केलेला, पोट सुटलेला, भला माणूस. बरणी त्याच्या तोंडासमोर उघडायची आणि त्याचा चेहरा बघायचा. पण त्या चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ. बोटीवर म्हणे वादळातसुद्धा तो याच चेहऱ्याने कांदे चिरत असे.

मग त्यांनी सुनेला खाली न्यायला सुरुवात केली. सून मागच्याच वर्षी लग्न होऊन शहरातून आलेली, सडपातळ, कमी बोलणारी, आणि आता तिला दिवस गेलेले. तिच्या चेहऱ्यावर सगळं उमटायचं, पण इतकं उमटायचं की उपयोग शून्य. चीज उघडा, तोंडावर पदर. गाजरं काढा, तोंडावर पदर. एकदा तर नुसत्या ओल्या वाळूच्या वासाने ती दारापर्यंत पळाली.

"अगं, वाळूला कसला आलाय वास?" नाकताई म्हणाल्या.

"येतो हो आई. जुन्या पाण्याचा."

नाकताईंना तिचा हेवा वाटला. सुनेच्या ओकारीचा हेवा वाटणारी सासू जगात दुसरी नसेल.

युक्त्या संपल्यावर उरली ती भीती. आणि भीतीला एकच निकाल ठाऊक असतो. नाकताई झाकण काढायच्या, डोळे मिटायच्या, दोनदा हुंगायच्या आणि म्हणायच्या, "टाकीत." रात्री उरलेली डाळ टाकीत. कालचं दूध टाकीत. चार दिवसांचं चीज टाकीत. फुंकून प्यायचं ताकसुद्धा टाकीत.

"ताई, अहो, सकाळीच तर उकडलेत हे बटाटे," आचारी कुरकुरला.

"तुम्ही ठरवणार का मी?"

"तुम्हीच ठरवा. मी आपला नुसता उकडणारा."

ज्या दिवशी काही गोष्टींना 'चालेल' म्हणावंच लागे, कारण जेवायला काहीतरी लागतंच, त्या दिवशी नाकताईंचा जीव टांगणीला लागायचा. कोण उठून बाहेर गेलं? कोण लवकर झोपलं? सुतारकामावरून मुलगा पोटाला हात लावत आला तर त्या हातातलं टाकून धावायच्या, आणि त्याने "काही नाही, भूक लागलीय" म्हटलं की रडू यायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

वस्तीवर एकच माणूस या काळात मजेत होता, तो म्हणजे टाकी सांभाळणारा फिटर. "यंदा गॅस बघा काय येतोय!" तो सगळ्यांना सांगत फिरे. "टाकीचा घुमट फुटेल की काय असं वाटतं." त्याला वाटलं शेणाची कमाल. आचारीही खूश. शेगडीची ज्योत कधी नव्हे ती वीतभर उंच, डाळ बघता बघता शिजे. टाकीला रोज सणाचं जेवण मिळतंय, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते ज्यांच्या ध्यानात यायला हवं होतं त्या नाकताई दुसऱ्याच काळजीत होत्या.

मग सून म्हणायला लागली, "स्वयंपाकघरात वास येतो."

पहिल्यांदा म्हणाली तेव्हा सगळे हसले. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आचाऱ्याने आपल्या बगलेचा वास घेऊन दाखवला आणि आणखी हशा पिकला. "कसला वास?" "नासल्या अंड्यासारखा. शेगडीच्या मागून." "पोरी, तुला पाण्याचासुद्धा वास येतो!" फिटरने एकदा येऊन शेगडीजवळ मान घालून बघितलं. खिडक्या उघड्या होत्या, वारा खेळत होता. त्याला काही जाणवलं नाही. मग त्याने, आचाऱ्याने, भाजी निवडणाऱ्या बायांनी, सगळ्यांनी नाकताईंकडे पाहिलं. कारण वासाच्या बाबतीत वस्तीवर स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायची पद्धतच राहिली नव्हती.

"मला तर काही नाही," नाकताई म्हणाल्या. हे खरंच होतं. इतकं खरं त्या गेल्या कित्येक आठवड्यांत बोलल्या नव्हत्या. मग सगळे आपल्याकडे बघताहेत म्हणून त्यांनी पुढे जोडलं, "दिवस गेलेल्या बाईचं नाक ते. माझ्या वेळी मला उशीचासुद्धा वास यायचा."

सगळे पुन्हा हसले. सून हसली नाही. खोलीवर आल्यावर, मुलगा कामावर गेलेला असताना, तिने हळूच विचारलं, "आई, तुम्हाला खरंच आला नाही?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला स्वतःचीच शंका येत होती. नाकताईंना ते दिसलं, आणि आता सांगावं असं ओठांपर्यंत आलंही. पण ओठांवर आलं ते भलतंच. "मी काय खोटं बोलतेय?"

"नाही हो, तसं नाही म्हणाले मी," सून म्हणाली. त्यानंतर तिने वासाचं नाव काढलं नाही. भाजी निवडायच्या पाळीला मात्र ती निवडायचं ताट घेऊन बाहेर ओट्यावर बसायला लागली. लोक म्हणाले, नाजूक आहे. नाकताईंनीही मान डोलावली, आणि ती मान डोलावल्याची लाज त्यांना दिवसभर पुरली.

मग कडाक्याची थंडी पडली. आदल्या संध्याकाळी आचाऱ्याने स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून फटींत चिंध्या कोंबल्या. सकाळी नाकताई किल्ल्या घेऊन पोचल्या तेव्हा तोही नुकताच दार उघडून आत शिरत होता. मागून तीन-चार पोरं उबेला म्हणून घुसली, दोन बाया भांडी घ्यायला आल्या. सून सगळ्यात मागे होती, अंगावर शाल, एक हात पोटावर. ती उंबऱ्याशीच थांबली.

"आत नका थांबू," ती म्हणाली. एवढ्या मोठ्याने तिला बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "वास येतोय. खूप येतोय. काका, काडी ओढू नका."

आचाऱ्याच्या हातात काड्यापेटी होती. एका बाईने नाक वर करून म्हटलं, "काहीतरी आहे खरं." दुसरी म्हणाली, "कोबीची बरणी फुटली असेल." आचाऱ्याने काडी बाहेर काढली, पण ओढली नाही. तो नाकताईंकडे वळला.

"बघा बुवा, ताई. तुम्ही सांगाल तसं."

नाकताईंनी सवयीने डोळे मिटले. दोनदा हुंगलं. थंड हवा आत गेली, नाकात झोंबली, बाहेर आली. त्यात काही नव्हतं. शेण नव्हतं, राख नव्हती, माणसं नव्हती. इतक्या आठवड्यांत त्यांची जीभ काय बोलायचं ते शिकून बसली होती. डोळे उघडायच्या आतच ती बोलून गेली.

"काही नाही. चालेल."

आचाऱ्याने मान हलवली आणि काडी पेटीला टेकवली.

नाकताईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांना सून दिसली. ती वाद घालत नव्हती. ती मागे सरकत होती, आणि मागे सरकताना सगळ्यात जवळच्या पोराची बाही धरून त्यालाही ओढत होती. तिच्या चेहऱ्यावर नुसती भीती होती. ती स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवून पळत होती आणि बाकीचे सगळे नाकताईंच्या नाकावर विश्वास ठेवून उभे होते.

किल्ल्यांचा जुडगा खाली पडला. नाकताईंनी दोन्ही हातांनी आचाऱ्याचं मनगट धरलं.

"नका लावू! लावू नका! माझं नाक गेलंय."

"काय?"

"तापात गेलं. तेव्हापासून कशाचाच वास येत नाही मला. मी खोटं सांगत आले. हिचं ऐका. बाहेर व्हा सगळे, हिचं ऐका!"

आचाऱ्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उमटलं. त्याने काडी आणि पेटी मुठीत आवळली आणि पोरांना दोन्ही हातांनी बाहेर ढकललं.

फिटर धावत आला. टाकीजवळचा कॉक त्याने आधी बंद केला, मग खिडक्या बाहेरून उघडल्या आणि सगळ्यांना बराच वेळ अंगणात थंडीत उभं केलं. आत गेला तेव्हा तोंडावर फडकं बांधूनसुद्धा तो खोकत बाहेर आला. शेगडीमागच्या नळीचा सांधा सुटला होता. "दाब फार झाला," तो म्हणाला. "टाकीला झेपेल त्याच्या दुप्पट आत पडतंय. एवढं अन्न टाकीत गेलं कसं?" प्रश्न विचारून झाल्यावर त्याचं त्यालाच उत्तर कळलं असावं. तो हातातल्या पान्याकडे बघत राहिला. बाकीचेही कुठे कुठे बघत राहिले, नाकताईंकडे कुणी पाहिलं नाही.

त्यांना वाटलं होतं लोक ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. आचारी एकटाच त्यांच्याजवळ आला. काड्यापेटी अजून त्याच्या मुठीत होती, चुरगळलेली.

"मी ओढली असती, ताई," तो म्हणाला. "तुम्ही चालेल म्हणालात ना, मी ओढलीच असती."

मग काड्यापेटी खिशात टाकून तो गेला.

संध्याकाळी सभा भरली. कुणी कडू बोललं नाही, ती माणसंच तशी नव्हती. फ्रीज कुठून आणायचा ते बघायला दोघांना सांगितलं. उद्यापासून बरण्यांवर तारखा लिहायच्या ठरलं, आणि लिहायला खडूचा तुकडा कुणाच्या तरी खिशातून लगेच निघालासुद्धा. एक जण गमतीने म्हणाला, "म्हणजे इतके दिवस आपण काय खाल्लं म्हणायचं?" कुणी हसलं नाही, तेव्हा तोही विचारात पडला. नाकताईंनी तळघराची किल्ली सभेसमोर ठेवली. कुणी ती उचलली नाही आणि कुणी परतही दिली नाही.

रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पलीकडच्या खोलीत मुलगा आणि सून दबक्या आवाजात बोलत होती. शब्द कळत नव्हते. त्यांनी कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला, मग स्वतःचीच लाज वाटून कूस बदलली.

सकाळी त्या जेवणघरात जाणारच नव्हत्या. मुलगा दारात येऊन उभा राहिला, म्हणून उठल्या. लांब टेबलाच्या टोकाला, भिंतीकडेच्या जागेवर बसल्या. वाट्या फिरल्या. नेहमीचंच होतं, दूध घालून शिजवलेला गहू, वर थोडा मध. पण नेहमीसारखा चमच्यांचा आवाज सुरू झाला नाही. नाकताईंनी मान वर केली.

सगळं टेबल वास घेत होतं. म्हाताऱ्या माणसांपासून पोरांपर्यंत प्रत्येकाने आपापली वाटी नाकापाशी उचलली होती. कुणी डोळे मिटले होते, कुणी दोनदा हुंगत होतं, अगदी नाकताई हुंगायच्या तसं. कुणी शेजाऱ्याला विचारत होतं, ठीक वाटतंय ना? फिटर हुंगत होता, आचारी स्वतःच रांधलेलं हुंगत होता. कुणी त्यांना टोचायला करत नव्हतं. सगळे घाबरलेले होते, एवढंच. हळूहळू एकेक चमचा वाजायला लागला.

नाकताईंच्या पुढ्यात त्यांची वाटी होती. त्यांनी ती उचलली, आणि उचलून करायचं काय ते न कळून परत खाली ठेवली. गरम वाफ चेहऱ्यावर येत होती. खावं तरी पंचाईत, उठावं तरी पंचाईत.

सून येऊन शेजारी बसली. आजही तिचा चेहरा ओढलेला होता, ओठ घट्ट मिटलेले. तिने आपली वाटी बाजूला ठेवली आणि नाकताईंची वाटी स्वतःकडे ओढली. खाली वाकून तिने वास घेतला. मळमळून आलं तशी क्षणभर तोंड फिरवलं, आणि पुन्हा वाकून, नीट, दुसऱ्यांदा घेतला.

मग तिने वाटी परत सासूपुढे सरकवली.

"चालेल, आई," ती म्हणाली. "खा."